मूत्रपिंडांचे पारखी: डॉ. रिचर्ड ब्राइट

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वर्गातील एक मुलगा तीन-चार दिवस सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात येऊन बसत असे. रात्री जागरण करून हा झोपेतच शाळेस येतो, अशी आमची समजूत झाली व आम्ही त्यास सर्व मुलांदेखत रागे भरलो. पुढे तो आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी त्याचे वडील हाती एक छापील कागद घेऊन आमच्याकडे आले. तो कागद लघवीच्या तपासणीचा होता. त्यावर अल्ब्युमिन ह्या शब्दापुढे अधिकाची तीन चिन्हे होती व खाली रक्ताच्या तांबड्या पेशींचा उल्लेख होता. डॉक्टरांनी औषध सुरू केले होते. परंतु दवाखान्यातील गर्दीत त्या कागदाचा अर्थ विचारण्याचा त्या गृहस्थांस धीर झाला नव्हता. मास्तरांस इंग्रजी येते, तेव्हा हेही कळत असेल, अशा भाबड्या विश्वासाने ते आले होते. शब्द आम्हांस वाचता आले. अर्थ मात्र सांगता आला नाही.

त्या दिवशी आम्हांस दोन गोष्टींची लाज वाटली. एक ही की, ज्या सुजेस आम्ही आळस समजलो ती मूत्रपिंडांच्या आजाराची खूण होती. दुसरी ही की, ती खूण वाचावयास ज्या पुरुषाने जगास शिकविले त्याचे नावही आम्हांस धड ठाऊक नव्हते. पुढे आम्ही त्याचे चरित्र मिळवून वाचले. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ते उपयोगी पडेल, ह्या हेतूने येथे थोडक्यात देत आहो.

रिचर्ड ब्राइट ह्यांचा जन्म इंग्लंडातील ब्रिस्टल ह्या बंदराच्या शहरी ता. २८ सप्टेंबर १७८९ रोजी झाला. वडील श्रीमंत व्यापारी व पेढीवाले होते. घरात पैशाची ददात नव्हती आणि मुलाने वडिलांची गादी चालविली असती तर कोणी नाव ठेविले नसते. परंतु ह्या मुलाचे चित्त हिशेबाच्या वह्यांपेक्षा दगड, वनस्पती व प्राणी ह्यांकडे अधिक ओढ घेई. १८०८ साली तो स्कॉटलंडातील एडिंबरो विद्यापीठात गेला व पुढील वर्षापासून वैद्यकाचा अभ्यास करू लागला.

१८१० साली अभ्यास अर्धा टाकून हा तरुण सर जॉर्ज मॅकेंझी ह्यांच्याबरोबर आइसलंड बेटाच्या सफरीवर गेला. ते बेट बर्फाचे व ज्वालामुखींचे. तेथील वनस्पती व प्राणी ह्यांची टिपणे करण्याचे काम ब्राइट ह्यांनी केले व मॅकेंझी ह्यांच्या प्रवासवर्णनात ती प्रसिद्ध झाली. परत आल्यावर त्यांनी लंडनच्या गाय रुग्णालयात उमेदवारी केली. थॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने आपल्या संपत्तीतून गोरगरिबांकरिता हे रुग्णालय स्थापिले होते. पुढे ब्राइट ह्यांचे सारे कर्तृत्व ह्याच इमारतीत घडावयाचे होते. १८१३ साली एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली.

पदवी मिळताच दवाखाना थाटावा, असे त्यांच्या मनात आले नाही. १८१४ साली ते युरोपच्या प्रवासास निघाले. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचे राजे व मुत्सद्दी व्हिएन्ना शहरी भरलेल्या परिषदेत खंडाचा नकाशा नव्याने आखीत होते. तो हिवाळा ब्राइट ह्यांनी तेथेच काढिला. तेथून ते हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून हिंडले. १८१५ च्या उन्हाळ्यात स्वदेशी परततांना वॉटर्लूच्या लढाईनंतर थोड्याच दिवसांनी ते ब्रसेल्स येथे पोहोचले व तेथील रुग्णालये जखमी शिपायांनी भरलेली त्यांनी पाहिली. हंगेरीच्या प्रवासाचा त्यांचा ग्रंथ १८१८ साली निघाला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतः काढिली होती.

मूत्रपिंडांच्या चरित्रात ह्या प्रवासाचे काय काम, असे कोणी विचारील. काम असे की, ह्या दहा वर्षांत त्यांच्या डोळ्यास नीट पाहण्याची व हातास पाहिलेले तत्काळ टिपून ठेवण्याची सवय जडली. खडक असो, वनस्पती असो वा शेतकऱ्याचा पोशाख असो, आधी पाहावे, मग चित्र काढावे आणि मत अगदी शेवटी द्यावे, हा त्यांचा क्रम. पुढे रोग्याच्या खाटेपाशीही त्यांनी हाच क्रम राखिला.

लंडनात परतल्यावर ते काही काळ तापाच्या रोग्यांच्या रुग्णालयात काम करीत होते. तेथे त्यांस स्वतःस ताप जडला व ते कठीण दुखण्यातून उठले. १८२० साली गाय रुग्णालयात त्यांची साहाय्यक वैद्य म्हणून नेमणूक झाली व १८२४ साली ते तेथील पूर्ण वैद्य झाले. मधल्या काळात त्यांच्यावर संसारातील मोठा घाला पडला. १८२२ साली डॉ. विल्यम बॅबिंग्टन ह्यांच्या मार्था नामक कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. पुढच्याच वर्षी पुत्रजन्मानंतर थोड्या अवधीत ती निवर्तली. १८२६ साली त्यांनी एलायझा फॉलेट ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. परंतु रुग्णालयातील त्यांच्या कामात ह्या सर्व वर्षांत खंड पडला नाही.

ह्या वेळी वैद्यकाची स्थिती कशी होती, ते सांगितल्यावाचून त्यांच्या शोधाची किंमत कळणार नाही. अंगास सूज येणे, पाय जड होणे, पोटात पाणी साचणे ह्यालाच त्या काळी एक स्वतंत्र रोग समजत. लघवी पाहण्याची चाल मात्र फार जुनी होती. युरोपात वैद्य ती काचेच्या फुगीर पात्रात धरून रंगावरून भाकीत करीत. आपल्याकडे योगरत्नाकर ग्रंथात लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ह्यावरून साध्यासाध्य ठरविण्याची रीत सांगितली आहे. मधुमेही माणसाच्या लघवीस मुंग्या लागतात, ही गोष्टही आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. परंतु लघवीतील बदलाचा शरीरातील कोणत्या अवयवाशी संबंध आहे, ह्याचा उलगडा कोणी केला नव्हता. इटलीतील कोतुन्यो ह्यांनी सूज आलेल्या रोग्याची लघवी तापविली असता ती गोठते, असे पूर्वीच पाहिले होते. इंग्लंडातील वेल्स व ब्लॅकॉल ह्यांनीही तसे नमूद केले होते. हे सारे अनुभव सुट्या मण्यांसारखे पडून होते. त्यांतून दोरा ओवण्याचे काम ब्राइट ह्यांनी केले.

त्यांची परीक्षा इतकी साधी होती की आमचा सातवीतला मुलगाही ती समजू शकेल. रोग्याची थोडी लघवी चमच्यात घ्यावयाची व तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाचा. लघवी निरोगी असेल तर सामान्यतः स्वच्छ राही. तीत अल्ब्युमिन असेल तर अंड्याचा पांढरा बलक उकळत्या पाण्यात जसा थिजतो, तशी ती पांढुरकी होऊन साकळे. रोगी वाचला तर ब्राइट त्याची हकीकत लिहून ठेवीत. रोगी दगावला तर प्रेताची तपासणी करून त्याची मूत्रपिंडे पाहत. ज्यांना सूज होती व ज्यांची लघवी चमच्यात गोठली होती, त्यांची मूत्रपिंडे पुनःपुन्हा बिघडलेलीच आढळली: कोठे फिकट व मोठी, कोठे आक्रसलेली, कोठे वरून खरखरीत व दाणेदार. सूज, गोठणारी लघवी व बिघडलेले मूत्रपिंड ह्या तीन गोष्टी एकाच साखळीचे दुवे आहेत, असे त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले. ग्रंथात रोग्यांच्या सविस्तर हकीकती व रोगट अवयवांची रंगीत चित्रे होती.

ही साखळी कशी जुळते, ते आज आपणांस अधिक स्पष्ट सांगता येते. प्रत्येक माणसास कमरेच्या वर पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो व त्यांतील बहुतेक सर्व शरीर परत शोषून घेते. दीड लिटरच्या आसपास लघवी उरते. अल्ब्युमिन हा रक्तातील पौष्टिक द्रव्याचा मोठा कण. चांगली गाळणी त्यास रक्तातच अडवून धरते. घरच्या चहाच्या गाळणीस भोक पडले की कपात चोथा येतो, तद्वत मूत्रपिंडाची गाळणी फाटली की लघवीत अल्ब्युमिन येते. ते फार वाहून गेले की रक्तातील पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते. शिवाय बिघडलेले मूत्रपिंड मीठ व पाणीही नीट बाहेर टाकीत नाही. मग ते पाणी अंगात साचते आणि सकाळी उठताच डोळ्यांभोवती सूज दिसते.

ब्राइट ह्यांना रसायनशास्त्रज्ञ जॉन बॉस्टॉक ह्यांचे मोठे साहाय्य झाले. लघवीत जे जावयास नको ते जात आहे, हे चमच्याने सांगितले. परंतु जे जावयास हवे ते रक्तातच अडकून राहत आहे, हे बॉस्टॉक ह्यांच्या पृथक्करणाने दाखविले. युरिया नावाचे टाकाऊ द्रव्य अशा रोग्यांच्या रक्तात साठलेले आढळले. ज्यास आज रक्तातील युरिया व क्रिएटिनिन पाहणे म्हणतात, त्या परीक्षेचे मूळ येथे आहे. मूत्रपिंडाची कसोटी लघवी व रक्त ह्या दोहोंवर मिळून लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

१८३६ साली त्यांनी शंभर रोग्यांच्या हकीकतींचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात आणखी एक गोष्ट त्यांनी टिपिली: ह्या रोग्यांपैकी अनेकांचे हृदय मोठे झालेले असते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्या काळी वैद्याच्या हाती नव्हते; तरीही मूत्रपिंड बिघडले की रक्ताच्या वाहण्यावर ताण पडतो व हृदयास अधिक जोर लावावा लागतो, ह्या विचारापाशी ते येऊन ठेपले होते. आज आपणांस ठाऊक आहे की वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड खातो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढविते.

१८४२ साली गाय रुग्णालयाने ह्या एकाच रोगाच्या अभ्यासाकरिता बेचाळीस खाटा राखून दिल्या. शेजारी सल्लामसलतीची खोली व छोटी प्रयोगशाळा होती. एका रोगाचे रोगी एकत्र ठेवावे, त्यांची रोज सारखी तपासणी करावी व नोंदी पडताळाव्या, ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. त्या काळी ती नवलाची होती. ह्याच रुग्णालयात ब्राइट ह्यांचे सहकारी थॉमस ॲडिसन व थॉमस हॉजकिन हे होते. तिघांचीही नावे तीन निरनिराळ्या रोगांस मिळाली. मूत्रपिंडांच्या ह्या विकारास दीर्घकाळ ब्राइटचा रोग म्हणत. पुढे सूक्ष्मदर्शकाने कळले की हा एक रोग नसून अनेक रोगांचा समुदाय आहे. म्हणून ते नाव आता प्रचारातून गेले आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रोग ओळखण्याची कला ब्राइट ह्यांनी दिली. तो बरा करण्याची कला त्यांच्यापाशी नव्हती. रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणणे हेच त्या काळचे उपचार ते करीत आणि बहुतेक जुनाट रोगी त्यांच्या डोळ्यांदेखत जात. ज्यास वाचविता येत नाही त्याची रोज निष्ठेने नोंद ठेवणे, हे काम फळ न दिसता करावे लागते. त्यांनी ते वर्षानुवर्षे केले. १८३७ साली व्हिक्टोरिया राणीच्या वैद्यांत त्यांची नेमणूक झाली. ता. १६ डिसेंबर १८५८ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, हृदयाच्या विकाराने लंडन येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या नोंदींचे फळ पुढील पिढ्यांस मिळाले. १९४३ साली हॉलंडात, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असतांना, विलेम कोल्फ ह्या तरुण डॉक्टरने रक्त शुद्ध करणारे कृत्रिम मूत्रपिंड चालविले. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविण्यात यश आले. आपल्या देशात वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १९७१ साली मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण झाले. आमच्या शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयास सर्व मराठवाडा घाटी ह्या नावाने ओळखतो, व तेथे चमच्याची आणि मेणबत्तीची जागा यंत्रांनी घेतली आहे. परंतु यंत्र जे पाहते ते मूळ ब्राइट ह्यांनीच पाहिलेले होय.

आता तो कागद हाती आला असता पालकांनी काय समजावे, ते थोडक्यात सांगतो. अल्ब्युमिन किंवा प्रथिन ह्यापुढे अधिकाचे चिन्ह दिसले म्हणजे मूत्रपिंड गेलेच, असे समजू नये. ताप, मैदानावरील अति श्रम, मूत्रमार्गातील जंतुदोष ह्यांनीही ते काही काळ दिसते. चमच्यातील पांढुरके दिसणारे सारेच अल्ब्युमिन नसते, हेही पुढील परीक्षकांनी दाखविले: फॉस्फेट नावाच्या क्षारानेही तापविल्यावर गढूळपणा येतो, पण थोडे सौम्य आम्ल घातले की तो विरतो. उलटपक्षी चिन्ह दिसून काही दुखत नाही म्हणून कागद खणात टाकणे, ही तर त्याहून मोठी चूक. मूत्रपिंड पुष्कळ बिघडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही. परीक्षा पुन्हा करावी, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची.

अधिक बारकाईने पाहण्यासाठी अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात. ते एका ग्रॅमास ३० मिलिग्रॅमच्या आत असले तर ठीक. ३० ते ३०० पर्यंत असले तर सावधगिरीची सूचना. ३०० च्या वर असले तर गाळणी बरीच झिरपत आहे असे समजतात. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती गाळते त्याचा अंदाज काढतात. प्रौढ माणसात तो अंक ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक राहिला, किंवा अल्ब्युमिन तितकाच काळ जात राहिले, तर जुनाट विकार ठरतो. तांबड्या पेशी दिसल्या तर खडा, जंतुदोष वा गाळणीची सूज ह्यांपैकी काय, हे डॉक्टर ठरवितात. पुष्कळ पांढऱ्या पेशी बहुधा जंतुदोषाकडे बोट दाखवितात. वैशाखात आमच्या मराठवाड्यात लघवी गडद पिवळी होते, ती प्रायः पाणी कमी पडल्यामुळे. पाणी पिऊन ती फिकी झाली म्हणजे चिंता नको. चहाच्या वा तांबूस रंगाची झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्यावी आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. त्याच्या पायांवर तीन आठवड्यांपूर्वी पू झालेले फोड आले होते. अशा फोडांतील वा घशातील एका जातीच्या जंतूंनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांस सूज येते. वेळीच उपचार व मिठावर ताबा असला तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. हा मुलगाही बरा झाला. रक्तदाब उतरला, चेहऱ्याची सूज ओसरली, अल्ब्युमिनच्या चिन्हांची संख्या तीनवरून दोन, दोनवरून एक झाली व अखेर तेथे काहीच उरले नाही. तांबड्या पेशी दिसेनाशा होण्यास मात्र आणखी काही महिने लागले.

हे आम्हांस कळले, कारण त्याच्या वडिलांनी प्रत्येक कागद तारीखवार एका वहीत चिकटविला होता व डॉक्टरांकडे जातांना ते ती वही घेऊन जात. मोंढ्यात हमाली करणाऱ्या त्या गृहस्थांनी ब्राइट ह्यांचे नाव कधी ऐकले नव्हते. परंतु गाय रुग्णालयातील त्या वैद्याची रीत त्यांनी आपल्या मुलापुरती आपण होऊन चालविली होती. मुलगा शाळेत परत आला त्या दिवशी, ज्या मुलांदेखत आम्ही त्यास बोल लाविला होता त्यांच्याचदेखत आम्ही आपली चूक कबूल केली. तेव्हापासून कोणाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले तर आम्ही रागावण्यापूर्वी जवळ जाऊन नीट पाहतो आणि आधी त्यास विचारतो.